व्रण उजव्या हातावर गेला आणि वाचकांनी बहीण जिवंत केली

(पत्र मोठं होतं, थोडक्यात देते आहे. लिहिणारीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"गेली काही वर्षं मी एक वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर पानापानाने येणारी चित्रकथा, लिहिते आणि काढते. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन पानं होतात. वाचक थोडे आहेत, पण धरून आहेत. गोष्ट एका दीपगृहाच्या राखणदाराची आणि त्याच्या मुलीची. तिची जुळी बहीण लहानपणी समुद्रात बुडाली. नायिकेच्या डाव्या हातावर भाजल्याचा व्रण आहे. एका वाचकाने दाखवून दिलं, की सहाव्या प्रकरणात सलग अकरा पानं तो व्रण उजव्या हातावर आहे. शरमेने मी काहीच बोलले नाही. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी मांडलं, की ही चूक नाहीच, त्या पानांतली मुलगी म्हणजे बुडालेली बहीण! आता कितीतरी जण जुनी पानं उकरून पुरावे गोळा करतायत. त्यात भर म्हणजे माझ्या नव्या प्रकरणाचा सगळा डोलारा वडिलांच्या हातच्या एका पत्रावर उभा आहे आणि त्या पहिल्या वाचकाने विचारलं, 'पहिल्या प्रकरणात वडील मुलीला म्हणतात, मला वाचता येत नाही, तूच वाच. मग हे पत्र लिहिलं कोणी?' मी हे साफ विसरले होते. तेव्हापासून एकही पान काढलेलं नाही. जुनी पानं गुपचूप बदलू? सगळं पहिल्यापासून पुन्हा काढू? (तेव्हाची चित्रं आता बघवत नाहीत.) की बहीण जिवंतच होती असं करून टाकू? प्रतिक्रिया बंद करू? मैत्रीण म्हणते, कोणाला पडलंय एवढं. मला वाटतं, स्वतःची गोष्ट जिला लक्षात ठेवता येत नाही तिने ती सांगावीच कशाला?"

*

तुमचा शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. तो मनात ठाण मांडून बसलाय तोवर बाकी काही नीट ऐकू येणार नाही.

सर्व्हान्तेसच्या 'डॉन क्विक्झोट' या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला. त्यात नायकाचा सेवक सांचो याचं गाढव मधेच नाहीसं होतं आणि पुढे, काही सांगणं नाही सवरणं नाही, सांचो पुन्हा त्याच गाढवावर बसलेला दिसतो. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत गाढव चोरीला गेल्याचा आणि परत मिळाल्याचा मजकूर घालण्यात आला. पण तो घातला अशा जागी, की चोरी झाल्यावरही सांचो आपला गाढवावरच. दुरुस्तीने घोळ आणखी वाढला. मग १६१५ च्या दुसऱ्या भागात सर्व्हान्तेसने काय करावं? पहिला भाग वाचलेलं एक पात्र त्याने गोष्टीत आणलं आणि त्याच्याकरवी सांचोलाच जाब विचारला. सांचो चोरीची हकिकत रंगवून सांगतो, पण गाढव सापडायच्या आधीच तू त्यावर बसलेला कसा, या प्रश्नावर हात वर करतो: लिहिणारा चुकला असेल, नाहीतर छापणाऱ्याने गोंधळ घातला असेल.

शेरलॉक होम्सचा मित्र डॉ. वॉटसन, त्याला लागलेली गोळी तर प्रसिद्धच आहे. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत ती खांद्याला लागलेली आहे, १८९० च्या दुसरीत पायाला. पुढे एका कथेत त्याची बायको त्याला जॉनऐवजी जेम्स म्हणते. कॉनन डॉयलने लिहिणं सोडलं नाही आणि वाचकांनी वाचणंही. उलट त्या गोळीचा आणि त्या जेम्सचा कीस काढणारे लेख लिहिण्यात वाचकांच्या पिढ्या रमल्या.

तेव्हा तपशील लक्षात राहणं आणि गोष्ट सांगता येणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. विसरणं हा काही लेखक म्हणून तुमचा गुन्हा नाही. आता कामाचं बोलू.

अकरा पानं सलग, हा तपशील मला तुमच्या पत्रात सगळ्यात बोलका वाटला. स्मरणशक्तीचा दोष असता तर व्रण इकडे तिकडे उड्या मारत राहिला असता. तो एका पानावर उजवीकडे गेला आणि मग तिथेच मुक्कामाला राहिला. म्हणजे बहुधा असं झालंय: चित्र तपासायला तुम्ही कॅनव्हास उलटा केलात, आरशात बघावा तसा. चेहरा वाकडा झालाय का, डोळे वरखाली झालेत का, हे बघायला सगळेच चित्रकार करतात. किंवा आधीच्या एखाद्या चौकटीतली आकृती उचलून, उलटी करून नव्या चौकटीत ठेवलीत. घाईत ते तसंच राहिलं. पुढचं पान काढताना संदर्भ म्हणून तुम्ही मूळ कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्र कसं दिसतं याचा नमुना, उघडली नाहीत, कालचं पान उघडलंत. आणि कालच्या पानाने सांगितलं, व्रण उजवीकडे. त्या अकरा पानांत तुम्ही अगदी काटेकोर होतात, फक्त चुकीच्या पानाशी.

हा घोळ भल्याभल्यांच्या हातून झालाय. जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडे वाचतात. ती इंग्रजीत आणताना पूर्वी पानंच्या पानं आरशातल्यासारखी उलटवून छापत. उजव्या हाताने तलवार चालवणारे सामुराई एका रात्रीत डावखुरे झाले. किमोनोची डावी बाजू वर असायची ती खाली गेली, आणि जपानमध्ये तसा किमोनो मृतदेहाला नेसवतात. तिथे एवढी माणसं कामाला होती तरी हे घडलं. तुम्ही तर एकट्या. सिनेमाच्या सेटवर कंटिन्युइटी, म्हणजे एका दृश्यातलं पुढच्याशी जुळतं का, हे बघायला वेगळा माणूस नेमलेला असतो, त्याचं दिवसभर तेवढंच काम. तुम्ही लेखक, चित्रकार, रंगारी, अक्षरं टाकणारी आणि तो माणूसही. नोकरी करून.

आता वाचकांकडे वळू, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: चुका सापडल्या म्हणजे वाचक माझ्यापेक्षा हुशार, आणि त्यांना मी फसवी वाटतेय. जरा थांबा. वडिलांचं ते वाक्य तुम्ही कधी लिहिलंत? कॉमिक सुरू केलं तेव्हा. त्या वाचकाने ते कधी वाचलं? कदाचित गेल्या आठवड्यात. वेबकॉमिकमध्ये पहिलं पान आणि ताजं पान सारख्याच अंतरावर असतात, एका क्लिकवर. मासिकात क्रमशः येणारी गोष्ट वाचताना मागचा अंक कधीच रद्दीत गेलेला असायचा. तुमच्या पहिल्यापासूनच्या वाचकांनाही ते वाक्य आठवत नसणार. पण परवा ज्याला तुमचं कॉमिक सापडलं आणि ज्याने रात्रभर जागून सगळं वाचून काढलं, त्याच्या डोक्यात दोन्ही पानं ताजी आहेत. तुम्ही कित्येक वर्षं लावून जे रचलं ते त्याने एका बैठकीत संपवलं. चुका अशाच वाचकाला सापडतात. एका रात्रीत सगळं वाचून काढण्याइतकं ज्याला आवडलं, तोच हा माणूस.

त्याची ती टिपणी तुम्ही मूळ पत्रात उतरवून पाठवली आहे: "प्र. ६, पानं १४ ते २४, व्रण उजवीकडे. वादळाची पानं मात्र जबरदस्त." पुढे तुम्ही स्वतः चार परिच्छेद लिहिलेत आणि चारही त्या पहिल्या वाक्यावर. दुसऱ्याचा उल्लेखसुद्धा नाही.

सगळेच वाचक असे सालस नसतात, हेही मान्य. काहींना नुसतं जिंकायचं असतं. चूक दाखवली, पाठ थोपटून घेतली, चालले पुढच्या शिकारीला. त्यांना ओळखणं अवघड नाही: ते चुकीबद्दल बोलतात, गोष्टीबद्दल कधीच नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, खुलासेही देऊ नका. कोणी अंगावर येऊन बोलत असेल तर त्याला सरळ ब्लॉक करा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण तुमच्या पत्रातले दोघेही मला त्या जातीचे दिसत नाहीत. एकाने नीट बघितलं, दुसऱ्याने जे दिसलं त्याचा अर्थ लावला.

हा अर्थ लावणं म्हणजे वाचकांचा आवडता खेळ आहे, आणि अमेरिकेत मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने साठच्या दशकातच तो ओळखला होता. तिथेही चुका ढिगाने होत. हल्क पहिल्या अंकात करडा होता आणि दुसऱ्यात हिरवा झाला, कारण करडा रंग छपाईत धड येईना. ज्या माणसाचा हल्क होतो तो ब्रूस बॅनर १९६४ च्या एका अंकात बॉब बॅनर झाला. वाचकांची पत्रं आली. मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांनी पत्रांच्या पानावर बिनदिक्कत सांगून टाकलं, की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर. ते आजतागायत तसंच आहे. त्याच सुमारास त्यांनी 'नो-प्राइझ' काढलं, म्हणजे बक्षीस नाही हेच बक्षीस. पुढे तर ते रिकाम्या पाकिटाच्या रूपात घरपोच जाऊ लागलं. आत खरंच काही नसे, वर अभिनंदन छापलेलं. कालांतराने नुसती चूक दाखवून भागेना. ती चूक नसून बरोबरच कशी, हे जो पटवून देईल त्याला पाकीट. तक्रार करणारा वाचक या एका युक्तीने गोष्टीचा वकील होऊन बसला. तुमच्याकडे बहिणीचे पुरावे गोळा करणारी मंडळी नेमकं हेच करतायत, तेही पाकिटाशिवाय.

म्हणून तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला पटत नाही. धीर द्यायला म्हणाली असेल, पण लोकांना पडलेलं आहे. नसतं तर अकरा पानांतले हात कोण तपासत बसलं असतं?

आता पर्याय. तुम्ही ते एका रांगेत मांडलेत, जणू दोन्ही चुकांना एकच औषध चालेल. मला वाटतं, प्रत्येक चुकीला एक प्रश्न विचारावा: हिच्यावर वाचकाने काही रचलंय का? नसेल, तर बिनबोभाट दुरुस्त करावी. पार्श्वभूमीतली खिडकी एका चौकटीत आहे आणि दुसरीत नाही, शर्टाची बटणं कमीजास्त झाली, एखादं अक्षर चुकलं, तर फाईल बदला आणि विसरून जा. जाहीर निवेदन काढायची गरज नाही. पण वाचकाने तिच्यावर काही रचलं असेल, तर ती चूक एकट्या तुमच्या मालकीची उरलेली नाही.

व्रणाचं तसं झालंय. मुळात किरकोळ चूक, पण आज तिच्यावर एक अख्खी जिवंत बहीण उभी आहे. आता तुम्ही रात्रीतून अकरा पानं बदललीत, तर सकाळी काय होईल? पुरावे शोधणारा माणूस पान उघडेल आणि पुरावाच गायब. पानाखाली त्याने लिहिलेलं तसंच असेल, पण त्याला आधार उरलेला नसेल. नवा वाचक म्हणेल, हा काय बरळतोय, व्रण तर डावीकडेच आहे. ज्यांनी तुमचं पान सर्वांत बारकाईने वाचलं त्यांनाच तुम्ही वेड्यात काढल्यासारखं होईल. आणि जुन्या पानाचे स्क्रीनशॉट निघाले की लपवाछपवी केली म्हणून बोल लागेल तो वेगळाच. खरं तर लपवण्यासारखं तुमच्याकडे काही नव्हतंच.

तेव्हा पानं बदला, पण सांगून बदला. दोन ओळी पुरे: "सहाव्या प्रकरणात व्रण चुकून उजव्या हातावर गेला होता, तो जागेवर आणला आहे. लक्षात आणून देणाऱ्यांचे आभार, आणि त्यावरून बहिणीपर्यंत पोचलेल्यांचेही." माफीनामा नको, नोकरीच्या दगदगीचं वर्णन नको, आपण किती गबाळ्या आहोत याचे विनोदही नकोत. लेखिका स्वतःला झोडपायला लागली की वाचकांना तिची समजूत काढत बसावं लागतं आणि गोष्ट राहते बाजूला.

या टिपेत एक शेपूट जोडायचा मोह तुम्हाला होईल: "बहीण खरंच बुडाली का, यावर मात्र मी काही बोलणार नाही!" पुढे खरोखर काही घडणार असेल तरच हे लिहा. घडणार नसेल तर ते आमिष होईल, आणि आमिष दाखवून वाचकाला आणखी वर्षभर हिंडवलंत तर तो राग व्रणाच्या रागाच्या दसपट असेल.

इथून आपण तुमच्या तिसऱ्या पर्यायावर येतो. बहीण जिवंतच होती असं करून टाकायचं का? कल्पना सुचली कुठून, यावरून ती वाईट ठरत नाही. वाचकांकडून आलेली कल्पना घेणारे लेखक पुष्कळ झालेत. पण आधी हिशेब मांडा. बहीण जिवंत असेल तर तिसऱ्या प्रकरणात वडील रात्रभर दिव्यापाशी बसून राहतात, त्या पानांचं काय होणार? तुम्ही ती पानं पत्रासोबत पाठवली आहेत. संवादाचा एकही फुगा नाही, नुसता फिरणारा उजेड आणि दर चौकटीत थोडा अधिक वाकलेला माणूस. बहीण कुठेतरी सुखरूप असेल तर हा माणूस गैरसमजापायी रडला असं होतं. गोष्टीला ते पेलेल का? पेलेल असं मनापासून वाटलं तर खुशाल करा, आणि मग कल्पना वाचकांची हेही मोकळेपणाने सांगा. "माझं आधीपासून हेच ठरलं होतं" एवढं मात्र म्हणू नका. ते लगेच उघडं पडतं.

मला विचाराल तर मी हे करणार नाही. पण त्या तर्काकडे दुर्लक्षही करणार नाही. वाचकांनी बहिणीलाच का परत आणलं, हे बघण्यासारखं आहे. उलट्या व्रणाचे दुसरे अर्थ निघाले असते. ही सगळी आठवण आहे, स्वप्न आहे, आरशातलं दृश्य आहे, कोणी काहीही म्हणू शकलं असतं. पण लोक थेट बुडालेल्या मुलीकडे गेले. मी तुमचं कॉमिक वाचलं. ती पहिल्या प्रकरणात एका संवादात बुडते आणि त्यानंतर तिचं नावही कोणी घेत नाही. वडिलांचं दुःख दिसतं, नायिकेचं कुठेच नाही. ज्या मुलीची जुळी बहीण गेली तिने त्याबद्दल अवाक्षरही काढू नये, हे वाचकांना खटकतंय. त्यांना त्याचं कारण हवंय आणि व्रणाच्या रूपाने ते सापडल्यासारखं वाटलं. म्हणजे व्रण हे निमित्त. खरी तक्रार कोणी केलीच नाही, कारण ती काय आहे हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ती ऐकायची असेल तर बहिणीला जिवंत करायची गरज नाही. नायिकेला तिच्याबद्दल एकदा बोलू द्या.

आता वडिलांचं पत्र. तुम्हाला हा घाव मोठा वाटतोय, मला तो सगळ्यात भाग्याचा वाटतो.

"मला वाचता येत नाही, तूच वाच." हे वाक्य कोणाचं आहे? तुमचं नाही, वडिलांचं आहे. निवेदनाच्या पट्टीत तुम्ही लिहिलं असतंत, की राखणदार निरक्षर होता, तर सुटका अवघड होती. पण हे एका माणसाने आपल्या मुलीला सांगितलंय, आणि माणसं मुलांना काय काय सांगतात! टोल्कीन यांच्यासमोर असाच पेच होता. 'द हॉबिट' १९३७ साली आलं तेव्हा त्यातली अंगठी ही साधी जादूची वस्तू होती आणि ती बाळगणारा गॉलम हा प्राणी नायक बिल्बोला ती कोड्यांच्या पैजेत राजीखुशीने द्यायला तयार होता. पुढच्या मोठ्या कादंबरीत तीच अंगठी इतकी भयंकर झाली, की ती कोणी आपणहून देईल हे शक्यच नव्हतं. १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदललं. पण आधीचं रूप पुसून टाकलं नाही. बिल्बोने ती पहिली हकिकत खोटी सांगितली होती, असं त्यांनी गोष्टीतच आणलं. आणि अशा सरळ माणसाला खोटं का बोलावंसं वाटलं, यातून अंगठीची भीती अधिकच गडद झाली.

तुमच्या वडिलांना वाचता येत होतं असं धरून चला. मग त्या दिवशी ते मुलीला "तूच वाच" का म्हणाले? त्या कागदात असं काय होतं, की त्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं नव्हतं? की त्यांना ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं? आणि इतकी वर्षं हे नाटक निभावताना तिच्या नकळत त्यांनी काय काय वाचलं असेल? या प्रश्नांची उत्तरं मी देणार नाही, गोष्ट तुमची आहे. पण वरचे तिन्ही प्रश्न तुमच्या पुढच्या प्रकरणात जे चाललंय त्याच्याहून सरस आहेत, हे स्पष्टच सांगते.

मात्र यात एक अट आहे. खुलाशाची किंमत गोष्टीत कोणीतरी मोजली पाहिजे. "अगं, मला वाचता येत होतं," एवढं बोलून वडील चहाला गेले, तर ती सारवासारव, आणि वाचकांना सारवासारवीचा वास लांबून येतो. मुलगी चिडली पाहिजे. तिने लहानपणापासून त्यांच्यासाठी वाचलेलं सगळं तिला आता वेगळं दिसलं पाहिजे. आणि हे लिहिण्याआधी वडील जिथे जिथे आहेत ती पानं काढून बघा. कुठे ते पाटी वाचून वाट काढत असतील, कुठे नोंदवही उलटी धरून बसले असतील, काहीही असू शकतं. त्यातलं निम्मं आपोआप पुरावा ठरेल.

हे जमत नसेल, किंवा तुम्हाला खोटं बोलणारे वडील नकोच असतील, तर पत्र त्यांनी दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलं असू द्या. मग तो लिहिणारा कोण, हे ओघाने आलंच. पहिल्या प्रकरणातलं वाक्य बदलण्याचा मार्ग मी सर्वांत शेवटी ठेवेन. संवादाच्या फुग्यातला मजकूर बदलणं सोपं आहे, एका लेअरचं, म्हणजे चित्राच्या एका सुट्या थराचं काम. पण "तूच वाच" असं म्हणणाऱ्या बापामुळेच कित्येक जण दुसऱ्या पानावर गेले असतील.

सगळं पहिल्यापासून पुन्हा काढायचं का? नको. तुमची पहिली पानं मी बघितली. हात कच्चा आहे, खरं आहे. पण ती काढून होईपर्यंत तुमचा हात आणखी सुधारलेला असेल आणि मग आजची पानं बघवणार नाहीत. या फेऱ्यात अडकून अनेक चांगली कॉमिक्स सुरुवातीच्याच प्रकरणांवर गोल गोल फिरत राहतात आणि शेवट कधीच येत नाही. शिवाय नवी पानं म्हणजे नव्या चुकांना आमंत्रण, सांचोचं गाढव आठवा. कधी पुस्तक काढायची वेळ आली तर तेव्हा अख्खं कॉमिक एकदा हाताखालून घाला, दुरुस्तीची खरी जागा ती.

प्रतिक्रिया बंद करण्याबद्दल माझं काही तत्त्व नाही. त्या वाचून हात थांबत असेल तर महिनाभर वाचू नका. मैत्रिणीला वाचायला सांगा आणि कामाचं तेवढं कळवायला सांगा. अगदी बंद केल्यात तरी वाचक समजून घेतात. पण बंद केल्यावर तुम्ही काढायला लागलात का, हे बघा. नाही लागलात, तर अडचण तिथे नव्हती.

यापुढे असं होऊ नये म्हणून काही गोष्टी. या तुमच्यासारख्या एकहाती काम करणाऱ्या सगळ्यांसाठीच आहेत.

कॅरेक्टर शीटवर नुसतं "डावा हात" लिहू नका, "तिचा डावा, समोरून बघताना आपल्या उजवीकडे" असं लिहा. निम्मे गोंधळ इथेच होतात. कॅनव्हासच्या कोपऱ्यात एका वेगळ्या लेअरवर एखादं अक्षर लिहून ठेवा, "क" म्हणा. कॅनव्हास उलटा राहिला तर तेही उलटं दिसेल आणि डोळ्यांना टोचेल. वेबवर टाकायची फाईल काढताना तो लेअर बंद करायचा. पण एखादी आकृती तेवढी उलटी करून चिकटवली असेल तर हे अक्षर तुम्हाला वाचवणार नाही, तिथे शीटच उघडायला हवी. संदर्भ नेहमी शीटवरून घ्यायचा, कालच्या पानावरून कधीच नाही.

गोष्टीची नोंदवही ठेवा, पण तिचा ग्रंथ करू नका. मोठाल्या नोंदवह्या लिहिण्यात मजा येते आणि त्या कोणी उघडत नाही. पान टाकलं की त्याच दिवशी त्या पानाने नवीन काय सांगितलं तेवढं एका ओळीत लिहायचं: वय, नाव, कोणाला काय येतं, आणि मुख्य म्हणजे कोणाला काय माहीत आहे. हात आणि बटणं दुरुस्त करता येतात. पण जे गुपित नायिकेला आठव्या प्रकरणात कळणार ते ती पाचव्यातच बोलून गेली, तर फाईल बदलून भागत नाही. आणि नोंदीत "वडील निरक्षर" असं न लिहिता "वडील मुलीला सांगतात, वाचता येत नाही" असं लिहा. पुढे कधीतरी हा फरक उपयोगी पडतो.

नवीन प्रकरण सुरू करायच्या आधी आपलं कॉमिक एका बैठकीत पहिल्यापासून वाचा, त्या रात्रभर जागणाऱ्या वाचकासारखं. जुनी चित्रं बघवत नाहीत म्हणून तुम्ही हे टाळत आला असणार. वडिलांचं वाक्य विसरण्याचं कारण बहुधा तेच.

त्या टिपणीवाल्या वाचकाला पानं आधी दाखवायला विचारता येईल. बरेच जण आनंदाने तयार होतात. फक्त काम नेमकं सांगा: हात, कपडे, तारखा, कोण कुठे उभं आहे. गोष्ट कशी वळावी हे विचारू नका, नाहीतर पुढच्या वर्षी दोघांची मिळून एक भलतीच गोष्ट तयार होईल. आणि त्याने नाही म्हटलं तर आग्रह करू नका. गोष्ट आधी कळली की वाट बघण्याची मजा जाते, आणि त्याला ती मजा हवी असेल.

हे सदर वाचणाऱ्या वाचकांनाही एक सांगणं आहे. तुम्हाला चूक सापडली तर पान आणि चौकट सांगा, एका वाक्यात. आधी कोणी सांगितली असेल तर पुन्हा सांगू नका. एकच चूक चाळीस जणांनी दाखवली की चित्रकाराला ती चाळीस चुकांसारखी वाटते. लेखकाला खाजगीत कळवायची सोय असेल तर ती वापरा.

सध्या तुमच्यासाठी क्रम असा: आधी दुरुस्तीची टीप आणि बदललेली अकरा पानं एकाच दिवशी टाका. मग वडिलांची सगळी पानं वाचा आणि ते खोटं बोलले की नाही, याचा निर्णय घ्या. तो होईपर्यंत नव्या पानाची तारीख जाहीर करू नका, आणि खाडा पडला म्हणून भरपाईची जास्तीची पानंही कबूल करू नका. तयार झालं की एक पान टाका. त्यानंतर आठवड्याला दोन जमत नसतील तर एकावर या. वाचकांना तसं कळवायला एक ओळ पुरते.